मनात तसे नव्हते

‘मनात तसे काही नव्हते हो!’ आपल्या घरांतून वर्षानुवर्षे ऐकू येणारे हे वाक्य. पंगतीत एखाद्याचे पान वाढायचे राहिले, बारशाचे बोलावणे एका दारी गेले आणि शेजारच्या दारी गेले नाही, वाटणीच्या बोलण्यात एखादा शब्द वर्मी लागला, की हे वाक्य पुढे केले जाते. ऐकणाऱ्यानेही मान डोलवून विषय मिटवावा, अशी रीत आहे. रीत वाईट नाही. तिच्यामुळे भावकीतले कितीतरी अबोले टळले आहेत. मात्र या साध्या वाक्याच्या पोटात एक मोठा सिद्धान्त दडलेला आहे. माणूस म्हणजे त्याच्या मनातला विचार. हातून घडले ते वरवरचे. मन निर्मळ असेल तर हाताचा दोष धरू नये, असा तो सिद्धान्त. पान वाढायचे राहिले एवढ्यापुरता तो चालून जातो. त्याहून मोठ्या गोष्टींना तो लावला म्हणजे काय होते, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

थोडे बारकाईने पाहिले तर दिसते की, हा सिद्धान्त आपण स्वतःपुरताच वापरतो. बाजारात एखाद्या कानडी दुकानदाराने तुटक उत्तर दिले की तो उर्मट ठरतो. तो दिवसभराच्या कामाने शिणला होता का, आपले मराठी त्याला नीट कळले होते का, हे आपण विचारीत नाही. तेच तुटक उत्तर आपल्या तोंडून गेले तर त्यामागे स्वाभिमान असतो, तत्त्व असते, निदान त्या दिवशीची डोकेदुखी तरी असते. स्वतःचा हिशेब हेतूंच्या वहीत आणि दुसऱ्याचा कृतींच्या वहीत, अशा दोन वह्या आपण ठेवतो. घेण्याची मापे वेगळी आणि देण्याची वेगळी ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला पेठेत जे नाव मिळते ते येथे आपल्याला मिळत नाही, कारण ही मापे कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी सीमाभागातल्या मराठी माणसाला फार दूर जावे लागत नाही. १९१६ ते १९२५ या अवघ्या दहा वर्षांत आपल्या बेळगाव जिल्ह्यात तीन थोर पुरुष येऊन गेले, आणि मन व वर्तन यांच्या नात्याविषयी तिघांचीही भूमिका विचार करण्याजोगी आहे.

पहिले लोकमान्य टिळक. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात प्रांतिक परिषद भरली आणि तेथेच त्यांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. त्याच्या आदल्याच वर्षी ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले होते. आपल्या घरांतल्या जुन्या कपाटांत त्याची एखादी जीर्ण प्रत अजून सापडते. त्या ग्रंथात टिळकांनी मोठ्या सामर्थ्याने मांडलेला एक विचार असा की, कर्माची योग्यता केवळ बाह्य परिणामांवरून ठरवू नये, ती कर्त्याच्या बुद्धीवरून ठरवावी. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याच्या मताशीही त्यांनी ही भूमिका ताडून पाहिली आहे. वरवर पाहता ‘मनात तसे नव्हते’ म्हणणाऱ्याला याहून भक्कम आधार मिळायचा नाही.

परंतु तो आधार वाटतो तितका भक्कम नाही. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातली मुंगसाची कथा आठवावी. युधिष्ठिराच्या भव्य यज्ञापेक्षा दुष्काळात उपाशी असलेल्या एका ब्राह्मण कुटुंबाने अतिथीला दिलेले मूठभर सातूचे पीठ श्रेष्ठ ठरले, कारण देणाऱ्यांची बुद्धी शुद्ध होती. कथा सांगताना आपण बुद्धीवर भर देतो आणि एक गोष्ट विसरतो. त्या कुटुंबाने पीठ खरोखरच दिले होते. ‘द्यावे असे मनात फार होते’ एवढ्यावर ते थांबले असते तर मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले नसते. शुद्ध बुद्धी केलेल्या कर्माचे मोल वाढवते. न केलेल्या कर्माची जागा ती भरून काढीत नाही.

दुसरे महात्मा गांधी. २६ व २७ डिसेंबर १९२४ रोजी टिळकवाडीच्या परिसरात उभारलेल्या विजयनगरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांड्यांची व्यवस्था, विजयनगरची ती वसाहत, पाण्यासाठी खोदलेली विहीर, यांच्या कथा सांगत आपल्या दोन पिढ्या वाढल्या. त्या मानाने त्या अधिवेशनातल्या एका निर्णयाची आठवण आपण कमी काढतो. काँग्रेसचे सभासदत्व चार आण्यांच्या वर्गणीवर मिळत असे. त्याऐवजी दरमहा २००० वार सूत द्यावे, असे ठरले. माणूस देशभक्त आहे की नाही हे त्याच्या बोलण्यावरून वा खिशातल्या नाण्यावरून ओळखू नये, त्याच्या बोटांवरून ओळखावे, हा त्यामागचा आग्रह. राजकीय पक्षाने सभासदाचे मत न मोजता त्याचे काम वारांत मोजावे, हा प्रयोग जगात विरळाच म्हणावा लागेल.

मनुष्यस्वभाव मात्र कोणत्याही नियमाहून चतुर असतो. त्याच तरतुदीत एक फट ठेवावी लागली होती. आजारपण, अनिच्छा किंवा तत्सम कारण असेल तर दुसऱ्याने कातलेले तेवढेच सूत दिले तरी चालेल. अनिच्छा! खादीही राजकीय कार्यक्रमांत आणि काँग्रेसच्या कामात असताना अंगावर असली म्हणजे पुरे. पुढे सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याच्या बैठकीत सुताला चार आण्यांचा पर्याय पुन्हा आला आणि प्रयोग आटोपला.

आमचे आजोबा त्या अधिवेशनात स्वयंसेवक होते. त्यांच्या नावे पुढे काही महिने सूत जमा होत असे, आणि ते कातीत असे आमची आजी. ते नियमात बसत होते, म्हणून त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. आजीने स्वराज्यावर कधी दोन वाक्ये उच्चारलेली आम्हांला आठवत नाहीत. आजोबा त्यावर तासन्‌तास बोलत. दोघांत देशभक्त कोण, असे आम्हांला लहानपणी कोणी विचारले असते तर आम्ही बेधडक आजोबांकडे बोट दाखविले असते. आज उत्तर देण्यापूर्वी आम्ही थोडे थांबू.

तिसरे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. बेळगावच्या अधिवेशनाला चार महिने पुरे होण्याच्या आत, १९२५ च्या एप्रिलमध्ये, याच जिल्ह्यात निपाणीला मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे तिसरे अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्या वेळी त्यांनी वयाची पस्तिशीही गाठली नव्हती. गांधीजींविषयी ते तेथे काय बोलले, हे मुळातून वाचण्यासारखे आहे. आशय असा: सामाजिक अन्याय दूर केला पाहिजे असे गांधीजींपूर्वी कोणी राजकारणी आग्रहाने म्हणत नव्हता, आणि सर्वांनी झिडकारलेल्यांना त्यांची सहानुभूतीही थोडी नव्हे. परंतु खादी आणि हिंदू-मुसलमान ऐक्य यांवर त्यांचा जितका भर, तितका अस्पृश्यतानिवारणावर दिसत नाही. दिसता, तर सूतकताईची जशी अट त्यांनी सभासदत्वाला घातली तशीच अस्पृश्यता न पाळण्याचीही घातली असती.

हा युक्तिवाद आम्हांला फार मोलाचा वाटतो. बाबासाहेबांनी कोणाच्या मनावर संशय घेतला नाही. सहानुभूती खरी आहे, हे त्यांनी मान्यच केले. त्यांनी विचारले ते एवढेच की, जी गोष्ट तुम्हांला खरोखर महत्त्वाची वाटते तिच्यासाठी तुम्ही अट घालता, हे बेळगावने दाखवून दिले. मग या गोष्टीसाठी अट कोठे आहे? बेळगावात गांधीजींनी देशभक्तीला लावलेली कसोटीच निपाणीत बाबासाहेबांनी गांधीजींच्या सहानुभूतीला लावून दाखविली. दोन्ही गावांमधले अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. दोन्ही प्रसंगांना आता शंभराहून अधिक वर्षे झाली, पण तो प्रश्न अजून वाटेतच आहे.

आमच्या घरापुरते सांगायचे तर, १९५० नंतरच्या दशकातही परसदारी शेणी घेऊन येणारी एक वृद्ध बाई पाणी मागे तेव्हा तिला ते वरून ओंजळीत घातले जाई. अस्पृश्यता संविधानाने रद्द केली होती, आणि १९५५ पासून ती पाळणे हा कायद्याने गुन्हा होता. आजोबांना कोणी त्याविषयी छेडले तर ते शांतपणे म्हणत, ‘आमच्या मनात भेद नाही.’ ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्या मनात खरोखरच द्वेषाचा लवलेश नव्हता. त्या बाईच्या नातवाच्या शाळेची फी त्यांनी एकदा भरलीही होती. पण आजोबांचे मन त्या बाईला कधी दिसले नाही. तिला दिसत होती ती तांब्या आणि ओंजळ यांच्यामधली हातभर जागा. तिच्या लेखी आमचे घर म्हणजे तेवढी जागा होती, आणि ती चूक होती असे आम्हांला म्हणता येत नाही.

निपाणीच्या वखारींतूनही हेच वेगळ्या रूपात दिसते. या पेठेचे वैभव तंबाखूवर उभे राहिले, आणि वखारींतून तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या, निवडणाऱ्या स्त्रियांच्या नाकातोंडात दिवसभर त्याची धूळ जाई. १९८० च्या सुमारास या स्त्रिया संघटित झाल्या. ‘युगांतर’ या चित्रपटगटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपटही केला. त्या काळी पेठेतल्या बैठकांत ऐकू येणारे एक वाक्य आम्हांला पक्के आठवते: ‘आम्ही तर त्यांना घरच्यासारखेच वागवतो.’ म्हणणाऱ्यांत सहृदय माणसे होती. सणाला साडीचोळी देणारी होती, कोणी आजारी पडले तर चौकशी करणारी होती. पण मालकाच्या मनात माया किती, हा त्या स्त्रियांचा प्रश्नच नव्हता. किती तास काम आणि किती मजुरी, हा होता. मायेचे उत्तर मजुरीच्या प्रश्नाला देता येत नाही. दिले तर ते उत्तर टाळणेच होय.

आपल्या घरांतून वकिलीची परंपरा मोठी आहे, म्हणून कायद्याचाही एक दाखला देतो. कायदा हेतूची कदर करतो. केवळ मनात आलेल्या दुष्ट विचाराला तो शिक्षा करीत नाही. दरोड्याची तयारी यांसारखे अपवाद सोडले तर गुन्ह्याच्या निव्वळ तयारीलाही बहुधा करीत नाही. सद्भावनेने केलेल्या कृत्यांना तो अनेक ठिकाणी संरक्षण देतो. परंतु सद्भावना म्हणजे काय? १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ५२ व्या कलमाने सांगून ठेवले होते की, योग्य ती दक्षता आणि लक्ष यांवाचून केलेली गोष्ट सद्भावनेने केली असे म्हणता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ही व्याख्या कायम आहे. म्हणजे ‘मनात तसे नव्हते’ म्हणणाऱ्याला कायदा उलट विचारतो, ‘मग लक्ष कोठे होते?’ मनाच्या चांगुलपणालाही कामाचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे घेतलेली काळजी.

येथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग मनाला काहीच किंमत नाही का? या प्रश्नाची दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख एकांगी होईल. आमची एक आत्या होती. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या अकरा वर्षे. त्यांना कुशीवर वळविणे, पुसून घेणे, मऊ भात भरविणे, रात्री दोनदा उठणे हे सारे आत्याने केले, आणि सासूबाईंच्या जिभेची धार शेवटपर्यंत बोथट झाली नव्हती. एकदा माहेरी आली असता आत्या म्हणाली, ‘ह्या सुटतील तर बरं, असं कधी कधी मनात येतं. मी फार वाईट बाई आहे गं.’ आमच्या आईने तिचा हात हातात घेतला आणि काही बोलली नाही.

विचारांवरूनच माणूस ठरत असेल तर आत्या वाईट ठरते आणि आजोबा निर्दोष. असे उत्तर देणारी कसोटीच कोठेतरी चुकत असली पाहिजे. विचार येतात ते पुष्कळदा न बोलावता येतात. १९७८ साली रॅचमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी दाखविले की, नको ते, भयंकर, लाजिरवाणे विचार मनोरुग्णांच्याच नव्हे तर धडधाकट माणसांपैकीही बहुतेकांच्या मनात येऊन जातात. आपल्या संतांना हे ठाऊक होते. समर्थांच्या ‘मनाच्या श्लोकां’ची संख्या २०५. एवढ्या वेळा मनाला समजवावे लागते, याचा अर्थच हा की, समजावणारा आणि मन हे दोन आहेत. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात इंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करणाऱ्याला मिथ्याचारी म्हटले आहे खरे. पण तो शब्द आहे काही न करता संयमाचे सोंग करणाऱ्यासाठी. पुढच्याच श्लोकात कर्मयोग आचरणाऱ्याला वरचे स्थान दिले आहे. आत्याने कसलेही सोंग केले नाही, आणि करायचे ते सर्व केले. नको तो विचार आला हे तिचे पाप नव्हे. तो येऊनही ती रात्री दोनदा उठली, हे तिचे चारित्र्य होते.

तेव्हा चांगला विचार आपल्या खात्यावर जमा होत नाही, तसा वाईट विचार नावेही पडत नाही. जुन्या पेढ्यांच्या भाषेत सांगायचे तर विचार ही हुंडी आहे. तिच्यावर आकडा कितीही मोठा असो, ती वटेपर्यंत तो कागद. आणि धोका असा की, पुष्कळदा हुंडी लिहिल्याचेच समाधान इतके होते की ती वटविण्याची गरज वाटेनाशी होते. मोनिन आणि मिलर या संशोधकांनी २००१ साली एका अभ्यासात असे दाखविले की, स्त्रियांविषयीच्या पूर्वग्रहदूषित विधानांना ‘आम्हांला हे मान्य नाही’ असे म्हणण्याची संधी ज्यांना आधी मिळाली, तेच नंतर एका नोकरीसाठी पुरुषाला झुकते माप द्यायला अधिक मोकळे झाले. आपण पूर्वग्रह बाळगणारे नाही, हे एकदा जाहीर झाले की हात मोकळे होतात. पुढील अभ्यासांत हा परिणाम कमीअधिक आढळला असला, तरी आरशात पाहिल्यासारखे वाटावे इतका तो ओळखीचा आहे.

कारण आपल्या सीमाभागातल्या मराठी कुटुंबांजवळ विचारांची हुंडी फार मोठी आहे. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तो कागदावरच राहिला नाही, कारण पुढे माणसे तुरुंगात गेली आणि १९५६ च्या जानेवारीत गोळीबारात प्राणांसही मुकली. १७ जानेवारीला आपण हुतात्मा दिन पाळतो तो त्यांच्या कृतीसाठी. १९५६ च्या नोव्हेंबरात सीमारेषा जशी आखली गेली तशी ती आजही आहे; २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावाही प्रलंबित आहे. ते आपल्या हातचे नाही. पण मराठी शाळेच्या पटावर नातवंडांचे नाव असणे, वाचनालयाची वर्गणी वेळेवर भरणे, घरात मुलांशी मराठीत बोलणे, आणि कानडी शेजाऱ्याच्या दुःखात त्याच्या दारी जाणे, हे हातचे आहे. ‘आम्ही मनाने पक्के मराठी’ असे सांगत ज्यांनी मराठी शाळांच्या पटसंख्येवर हळहळ व्यक्त केली, त्यांपैकी पुष्कळांची मुले त्या पटावर नव्हती. यात दांभिकता शोधण्याचे कारण नाही. मुलांच्या पोटापाण्याची चिंता खोटी नसते. मात्र त्या हळहळीला मराठीची सेवा म्हणता येणार नाही, एवढे तरी मान्य करावे. गांधीजींच्या नियमाप्रमाणे पाहिले तर ते बदली सूतही नव्हे.

मग ‘मनात तसे नव्हते’ हे वाक्य टाकूनच द्यावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. पंगतीतल्या राहिलेल्या पानासाठी ते असू द्यावे. एकमेकांच्या मनाविषयी चांगले गृहीत धरल्यावाचून शेजार टिकत नाही, आणि दोन भाषांच्या सीमेवर तर मुळीच टिकत नाही. फक्त ते वाक्य ज्याला दुखावले त्याच्या तोंडी शोभते, दुखावणाऱ्याच्या तोंडी नव्हे. ‘तुमच्या मनात तसे नसेल’ असे समोरच्याने म्हणणे ही क्षमा होय. आपणच ‘आमच्या मनात तसे नव्हते’ म्हणणे हा आपणच लिहिलेला आपला निकाल. ज्याच्याशी आपण वागलो त्याला त्या वागण्याचे काय झाले, हे त्याला विचारावे आणि तो सांगेल ते मध्येच न तोडता ऐकावे. मनाची साक्ष त्यानंतर काढता येईल, आणि तोवर बहुधा तिची गरजही उरलेली नसेल.